दिघ्याच्या गिरणीतला डाकोटा

माझे सासरे हवाई दलात सिग्नलर होते, हे लग्न ठरतानाच आम्हाला सांगितलं होतं. पण सिग्नलर म्हणजे नेमकं काय, हे मला लग्नानंतर कितीतरी वर्षांनी कळलं, आणि तेही घरात कॉम्प्युटर आला म्हणून.

कॉम्प्युटर माझ्यासाठी आणला होता. रबाळ्याला एका कारखान्याच्या डिझाइन ऑफिसात मी ड्राफ्ट्समन होते. बाई असले तरी हुद्दा ड्राफ्ट्समनच. नव्वदचं दशक संपायला दोन-तीन वर्षं उरली असतील. आमच्या ऑफिसातले ड्रॉइंग बोर्ड एकेक करून भिंतीला टेकवले जात होते आणि कॉम्प्युटरवर ज्याला पाइपांची ड्रॉइंगं काढता येतील तोच पुढे टिकणार, हे सगळ्यांना कळून चुकलं होतं. मग आम्हीही एक जोडून घेतलेला कॉम्प्युटर ऐरोलीच्या आमच्या हॉलमध्ये टीव्हीशेजारी मांडला आणि जुन्या साडीचं कव्हर शिवून त्याच्यावर घातलं. ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं सराव करून कंटाळा आला तर खेळा म्हणून एक सीडी दिली. त्यात विमान उडवायचा खेळ होता. फ्लाइट सिम्युलेटर.

खेळ म्हणायचा, पण त्यात मारामारी नाही, गुण नाहीत, जिंकणं-हरणं नाही. विमान धावपट्टीवर उभं असतं, ते तुम्ही उडवायचं आणि जमलं तर उतरवायचं. मला उडवायला लगेच जमलं. उतरवायला अजिबात जमत नव्हतं. रविवारी सकाळी पोह्यांची कढई गॅसवरून उतरवली की मी विमान पाडायला बसत असे.

सासरे, म्हणजे बाबा, तेव्हा गॅलरीत असायचे. सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली होती. बाबा मूळचे साताऱ्याकडचे. हवाई दलातून सुटल्यावर ठाण्यात एका कंपनीत नोकरी करून तिथूनही निवृत्त झालेले. बोलायचे कमी आणि सासूबाई गेल्यावर त्याहून कमी. कानाला ट्रान्झिस्टर लावून खाडीकडे बघत बसायचे. पलीकडे मुलुंडच्या दिशेनं पुलाचे खांब उभे राहत होते, ते मोजतात की काय असं मला वाटायचं. आमच्यात भांडण नव्हतं, पण गप्पाही नव्हत्या. चहा हवा का, औषध घेतलंत का, यापलीकडे आमचं बोलणं क्वचितच जात असे.

त्याच सहकाऱ्यानं एकदा सांगितलं की या खेळात आपल्याला हवी ती जुनी विमानं घालता येतात. जगभरात लोक घरी बसून हौसेनं युद्धातली विमानं तयार करतात आणि इंटरनेटवर फुकट ठेवतात. कोणी आकार घडवतो, कोणी त्याच्यावर रंग चढवतो, कोणी आतली घड्याळं काढतो. आपण फाइल आणायची आणि खेळात टाकायची. मला त्या आकारांचं कुतूहल वाटलं. दिवसभर मी पाइप आणि टाक्याच काढत होते. विमान म्हणजे तरी काय, एक मोठा पाइप आणि त्याला दोन पंख.

घरी आल्यावर मी सहज बाबांना विचारलं, तुम्ही कुठल्या विमानात होतात. ते म्हणाले, डाकोटा. दुसऱ्या महायुद्धातलं. युद्ध संपल्यावर राहिलेली विमानं आपल्याकडे आली, त्यांत आपली उमेदीची वर्षं गेली. एवढं बोलून त्यांनी ट्रान्झिस्टर परत कानाला लावला.

पुढच्या शनिवारी मी वाशीला सायबर कॅफेत गेले आणि डाकोटा शोधला. एका परदेशी माणसानं केलेला होता आणि फार देखणा होता. फाइल मोठी असल्यामुळे ती तोडून चार-पाच फ्लॉप्यांवर घ्यावी लागली. घरी येऊन बघते तर त्यातली एक फ्लॉपी खराब. दुसऱ्या दिवशी परत वाशी, परत तेच सगळं. रविवारी दुपारी अखेर डाकोटा आमच्या हॉलमध्ये आला. शेपूट जमिनीला टेकलेलं, नाक वर, दोन जाडजूड इंजिनं. मी गॅलरीच्या दाराशी जाऊन बाबांना आत बोलावलं.

ते आले आणि माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. बसले नाहीत. मी माऊसनं विमान सगळ्या बाजूंनी फिरवून दाखवलं. ते वाकले, चष्मा कपाळावर सरकवला आणि बोटानं स्क्रीनवर दाखवू लागले. हा मागचा मोठा दरवाजा, यातून धान्याची पोती खाली टाकायची. ही वरची तार, तो आमच्या रेडिओचा एरियल. वैमानिकाच्या मागे डाव्या हाताला एक छोटं टेबल असायचं, तिथं मी. कानाला हेडफोन, बोटाखाली मोर्सची किल्ली, टिकटिक करून संदेश पाठवायची. ईशान्येकडच्या डोंगरांत रस्ते नव्हते, त्या चौक्यांना तांदूळ, मीठ, रॉकेल सगळं वरून जायचं. ढगांत काही दिसत नसे. तेव्हा जमिनीवरून कोणीतरी पाठवलेली टिकटिक कानात यायची, तेवढीच काय ती वाट.

लग्नानंतर मी त्यांना सलग एवढं बोलताना पहिल्यांदाच ऐकत होते. मग मी इंजिन सुरू केलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"बंद कर," ते म्हणाले. "हा मिक्सर आहे."

खरंच तसा होता. ज्यानं विमान घडवलं होतं त्यानं आकारावर सगळा जीव ओतला होता आणि आवाज मात्र खेळातल्या एका छोट्या विमानाचाच जोडून दिला होता. मी विचारलं, मग खरा आवाज कसा होता. त्यांनी तोंडानं काढून दाखवायचा प्रयत्न केला. आधी एक लांब, वर वर चढत जाणारी शीळ, मग खोकला, मग परत खोकला, मग घरघर. मला हसू आवरेना. मग तेही हसले. इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं.

त्या दिवशी ठरलं की डाकोटाला त्याचा आवाज द्यायचा.

आवाज कसा घालायचा हे कळायला फार वेळ लागला नाही. खेळाच्या फोल्डरमध्ये आवाजाच्या छोट्या छोट्या फाइली होत्या. इंजिन सुरू होतानाची एक, चालू असतानाची एक, चाकांची एक, वाऱ्याची एक. त्या काढून त्याच नावाच्या आपल्या फाइली ठेवायच्या. प्रश्न एवढाच होता की डाकोटाचा आवाज आणायचा कुठून. आकाशातून डाकोटा जाऊन जमाना झाला होता. कुठे कॅसेट मिळेना. मग बाबाच म्हणाले की खरा नसेना, त्याच्यासारखा तर मिळेल. कान माझ्याकडे आहेत, तू टेप घे.

घरात टू-इन-वन होता, त्यात बसवलेला माइक होता. तो घेऊन आम्ही दोघं बाहेर पडू लागलो. सासरा आणि सून रविवारी सकाळी टेपरेकॉर्डर काखोटीला मारून कुठे जातात, याची सोसायटीत चर्चा सुरू झाली. नवऱ्यालाही नीटसं कळत नव्हतं. तो न्हावा शेव्याच्या बंदरात एका क्लिअरिंग एजंटकडे कामाला होता. घरी यायचा तेव्हा दमून गेलेला असायचा आणि आमच्याकडे बघून मान हलवायचा.

शीळ आम्हाला दिघ्याला सापडली. डाकोटाचं इंजिन सुरू करायच्या आधी एक जड चाक विजेवर फिरवून त्याला वेग द्यावा लागे, मग क्लचनं ते इंजिनाला जोडायचं. त्या वाढत्या वेगाची ती शीळ होती. ऐरोलीतल्या गिरण्या नव्या, बंद डब्यातल्या. पण दिघ्याला वस्तीत एक जुनी पीठगिरणी होती. तिला मोठी मोटर होती आणि रुंद पट्टा होता. मी एरवी तिथंच भाजणी दळायला न्यायची, कारण तिथलं पीठ जरा रवाळ यायचं. गिरणीच्या मालकीण मावशी नगरकडच्या. आम्हाला गिरणी फक्त चालू आणि बंद करून हवी आहे, दळायचं काही नाही, हे ऐकून त्यांनी आधी बाबांकडे आणि मग माझ्याकडे काळजीनं पाहिलं. मी विमानाचं सांगितलं. त्यांना ते कितपत पटलं कोण जाणे, पण गिऱ्हाईक नसतं तेव्हा, जेवणाच्या वेळी या म्हणाल्या.

त्यांनी खटका दाबला. पट्टा आधी फडफडला, मग ताणला गेला, आणि जात्याची शीळ वर चढू लागली. बाबा डोळे मिटून उभे होते. पिठाचा थर त्यांच्या भुवयांवर बसत होता. शीळ एका उंचीला पोचल्यावर त्यांनी उजवा हात वर केला, जसा कोणी कोणाला इशारा द्यावा तसा, आणि म्हणाले, "आता क्लच." ते दिघ्याला नव्हतेच.

मावशींनी गिरणी सहा-सात वेळा तरी चालू-बंद करून दिली. शेवटी त्याच विचारू लागल्या की हा बरा झाला का, की परत करू.

इंजिनासाठी आम्ही खाडीवर गेलो. ऐरोलीच्या मागे दिवे गावात कोळ्यांच्या होड्या लागायच्या आणि आमच्या सोसायटीत मासळी घेऊन येणाऱ्या मावशींची तिथं स्वतःची होडी होती, डिझेल इंजिनाची. मी त्यांना आवाज टेप करू का, कोणी अडवणार तर नाही ना, असं विचारलं. त्या टोपली उतरवत म्हणाल्या, "आवाज न्यावाला कोन आरवनार हाय तुमाना? पन मावरा घेतल्याबिगर जावाचा नाय."

आम्ही मावरं, म्हणजे मासळी, घेतली आणि आवाजही घेतला. होडीचं इंजिन ठोके देत चालायचं, फट् फट् फट्. डाकोटाच्या एका इंजिनाला कितीतरी सिलिंडर, तेही गोल मांडलेले, त्यामुळे त्याचे ठोके एकमेकांत मिसळतात. मी घरी टेपची वायर कॉम्प्युटरला जोडली, ठोके आत घेतले आणि एकाच आवाजाच्या प्रती एकमेकींवर चढवत गेले, प्रत्येक प्रत किंचित पुढे-मागे सरकवून. बारा-पंधरा प्रती चढल्यावर ठोके हरवले आणि तिथं एक घरघर तयार झाली. तेव्हा मला जो आनंद झाला तो ऑफिसातल्या कुठल्याही ड्रॉइंगनं दिला नव्हता.

चाकं पोटात घेतानाचा दणका आमच्या कॉम्प्लेक्समधल्या किराणावाल्याच्या शटरचा. वाऱ्याचा आवाज वाशीच्या पुलावर बसच्या खिडकीतून घेतला. हळूहळू सगळं जमलं. फक्त मुख्य आवाज, इंजिन चालू असतानाचा, बाबांना काही केल्या पटेना.

मी एक करायची, ते ऐकायचे आणि मान हलवायचे. हा डंपर आहे. हा रोलर आहे. हा बरा आहे, पण आपला नाही. मी आवाज संथ करून बघितला, जाड करून बघितला, होडी सोडून ट्रकचं इंजिन आणलं. आठवडे गेले. एका गोष्टीवर तर ते हटूनच बसले होते. दोन इंजिनांचे आवाज एकमेकांवर चढवताना डावं किंचित मागे ठेव, म्हणजे वूं-वूं अशी लाट यायला हवी. मला तो त्यांचा हेका वाटला. ऐकणाऱ्याला इंजिन बिघडलंय असं वाटेल, मी म्हणाले. ते म्हणाले, वाटू दे. मी लाट घातली. तरीही मान हललीच.

शेवटी एका रविवारी माझा धीर सुटला. मी जरा त्राग्यानंच म्हटलं, बाबा, हे याहून चांगलं होणार नाही. ते चिडले नाहीत. खिडकीकडे बघत म्हणाले, "अगं, मी बाहेर उभा राहून ऐकलंच नाही कधी. मी आत असायचो."

इतकं साधं होतं ते. आम्ही इतके दिवस मोकळ्यावरचा आवाज घडवत होतो. बाबांच्या कानात होता तो पत्र्याच्या पोटातला आवाज, चारी बाजूंनी थरथरणाऱ्या लांबलचक डब्यातला. जेवताना मी हे नवऱ्याला सांगितलं. त्यानं घास खाली ठेवला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याला आमच्या उद्योगात आपलं काहीतरी दिसलं होतं.

"पत्र्याचा लांब डबाच पाहिजे ना?" तो म्हणाला. "मी रोज हजार डब्यांच्या मध्ये बसतो."

बंदराबाहेरच्या एका यार्डात रिकामे कंटेनर रचून ठेवलेले असत. तिथला सुपरवायझर त्याच्या ओळखीचा होता. त्याची परवानगी काढून आम्ही तिघं एका सुट्टीच्या सकाळी तिथं गेलो. सोबत दोन टेपरेकॉर्डर, एक आमचा आणि एक शेजाऱ्यांचा, आणि सेलची पिशवी. सुपरवायझरनं एका लांब कंटेनरचं दार उघडून दिलं. आत लाकडी जमीन, गंजाचा वास आणि बाहेरच्यापेक्षा भलताच उकाडा. एका टोकाला आम्ही आमचा टेप ठेवला, त्यात मी केलेला आवाज. दुसऱ्या टोकाला शेजाऱ्यांचा, ऐकायला. त्याच्या माइकवर रुमाल बांधला, म्हणजे आवाज फाटणार नाही. नवऱ्यानं दार ओढून घेतलं, फक्त उजेडाची एक फट ठेवली. मी बटण दाबलं.

आवाज आधी त्या टोकाला होता. मग तो भिंतींत शिरला. कंटेनरचा पत्रा नागमोडी असतो, तो हळूहळू बोलू लागला, आणि दोन इंजिनांमधली ती लाट, जी घरी स्पीकरवर कटकट वाटायची, ती आता पायाखालच्या फळ्यांतून वर चढू लागली. बाबांनी एक हात भिंतीला लावला. दुसरा हात नकळत कानाकडे गेला, हेडफोन दाबून धरावा तसा. त्यांचे ओठ हलत होते. मी जवळ गेले तर ते तोंडानं टिकटिक काढत होते. कोणाला काय निरोप पाठवत होते, मी विचारलं नाही.

कॅसेट संपली तेव्हा ते एवढंच म्हणाले की हाच तो. नवरा दार उघडायला गेला आणि तिथंच पाठ करून थोडा वेळ उभा राहिला. आपल्या वडिलांना कामावर असताना त्यानंही कधी पाहिलं नव्हतं.

महिनाभरात मी सगळे आवाज एकत्र केले. चालू आवाज पुन्हा पुन्हा वाजताना सांध्यावर टक्क असं व्हायचं, ते घालवायलाच दोन रविवार गेले. मग वाशीला जाऊन ज्या परदेशी माणसानं विमान घडवलं होतं त्याला ई-मेल केला आणि आवाजांची फाइल पाठवली. इंग्रजी ड्राफ्ट मी ऑफिसात दोनदा तपासला होता.

त्याचं उत्तर पुढच्या शनिवारी वाचलं. त्यानं लिहिलं होतं की हे ऐकल्यावर त्यानं आपलं विमान साइटवरून काढून घेतलं आणि आमच्या आवाजासह नव्यानं ठेवलं. आता यापुढे ते असंच मिळेल. खाली आमच्या नावांखाली आमच्या गावाचं नावही होतं, ऐरोली. ते वाचून मी कॅफेच्या त्या छोट्या केबिनमध्ये एकटीच हसत बसले. मग हळूहळू इतरांची पत्रं येऊ लागली. कॅनडातल्या एका म्हाताऱ्या वैमानिकानं विचारलं होतं, हे विमान कुठल्या तळावर आहे आणि ते अजून उडतं का, कारण रेकॉर्डिंग उड्डाणात, सिग्नलरच्या टेबलाजवळ केलेलं आहे हे त्याला लगेच ओळखू आलं. मी खरं काय ते लिहिलं. गिरणी, होडी, शटर, कंटेनर. त्याला ते इतकं आवडलं की त्यानं ते साइटवर सगळ्यांसाठी छापलं, आणि मग जपानपासून ब्राझीलपर्यंतचे लोक मला विचारू लागले की पीठगिरणी म्हणजे काय असतं.

मी ती पत्रं कागदावर छापून आणायची आणि बाबांना मराठीत सांगायची. दिघ्याच्या मावशींनाही सांगितलं. त्यांनी दळण घ्यायला आलेल्या बायकांना थांबवून ते परत माझ्याकडून वदवून घेतलं. बाबांमध्ये झालेला बदल मात्र सगळ्यांत मोठा होता. ट्रान्झिस्टर आता मागे पडला होता. सोसायटीतले लोक रविवारी डाकोटा बघायला यायचे आणि बाबा खुर्चीमागे उभे राहून त्यांना दरवाजा, तार, टेबल दाखवायचे. त्यांचा आवाज मोठा झाला होता, चाल सुधारली होती. एकदा तर त्यांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये पंपाच्या आवाजावरून बेअरिंग गेल्याचं सांगितलं आणि ते खरं निघालं.

त्याच सुमारास त्यांनी पुण्याला फोन लावला. ज्या विमानात त्यांनी सर्वांत जास्त वर्षं काढली त्याचे वैमानिक पुण्यात राहत होते. बाबा त्यांना स्किपर म्हणत. वर्षातून एखादं पत्र, एवढाच संबंध उरला होता. फोनवर बाबा म्हणाले की आमच्याकडे डाकोटा आहे, या. पलीकडून काय उत्तर आलं ते कळलं नाही, पण पुढच्या आठवड्यात स्किपर आले.

उंच, ताठ, पांढराशुभ्र शर्ट. मी दार उघडलं तेव्हा त्यांनी नमस्कार केला, पण माझ्या जरा डावीकडे बघत. बाबांनी पुढे होऊन त्यांचा हात धरला. आत येताना मला कळलं की त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध पडदा आला होता. कडेचं धूसर दिसायचं, समोरचं नाही. बाबांना हे माहीत नव्हतं. मला मनातून वाईट वाटलं की इतक्या लांबून बोलावून यांना आपण दाखवणार काय.

स्किपरनीच ते हलकं केलं. म्हणाले, दिसत नाही तर नाही, तू ऐकवायला बोलावलंयस ना. ते कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत बसले. बाबा त्यांच्या डाव्या खांद्यामागे उभे राहिले. मी इंजिनं सुरू केली. गिरणीची शीळ चढली, खोकला आला, इंजिनं धरली. स्किपर मान खाली घालून ऐकत होते. लाट सुरू झाली, वूं-वूं. त्यांचा उजवा हात पुढे गेला आणि टेबलावरच्या हवेत, जिथं काहीच नव्हतं तिथं, त्यांनी इंजिनांचा वेग वाढवायच्या दोन दांड्यांपैकी डावी किंचित पुढे सारली.

"डावं मागे पडतंय," ते म्हणाले. मग मान वळवून बाबांच्या दिशेनं विचारलं, "सिग्नलर, हे आपलंच विमान आहे ना?"

बाबांनी हो म्हटलं आणि मला कारण सांगितलं. त्या एका विमानाचं डावं इंजिन कायम किंचित मागे राहायचं, कितीही दुरुस्त केलं तरी. पंचवीस-तीस डाकोटांमधून ते त्यावरून ओळखू यायचं. हेका म्हणून मी ज्याच्याशी भांडले होते ते त्या विमानाचं नाव-गाव होतं.

मला वाटलं होतं की स्किपर एवढ्यावर समाधान मानून उठतील. त्यांनी विमान चालवायची दांडी, जॉयस्टिक, मागितली. कुठली कळ कशाची ते एकदा हात लावून समजून घेतलं. मी एक डोंगरातली आखूड धावपट्टी शोधून ठेवली होती, बाबांना ती त्यांच्या जुन्या चौकीच्या धावपट्टीसारखी वाटायची. विमान मी उंचावर नेऊन दिलं. स्किपर म्हणाले की हवेत ते सांभाळतील, आवाजावरून वेग कळतो. उतरताना मात्र सिग्नलरनं डोळे व्हायचं.

मी आणि नवरा सोफ्याच्या कडेवर बसलो. बाबांनी चष्मा पुसून चढवला आणि सांगायला सुरुवात केली. आकडे इंग्रजीत, बाकी हिंदीत, जसं तेव्हा बोलत असतील तसं. उंची इतकी. डोंगर उजवीकडे आहे, सुटला. पट्टी समोर, आपण जरा डावीकडे. बाबांचा शब्द संपायच्या आत स्किपरचं मनगट हललेलं असायचं. एकदा विमान फार हळू झालं, इंजिनाची घरघर खोल गेली, आणि बाबांनी आकडा वाचायच्या आधीच स्किपरनी ताकद वाढवली. त्यांना ते ऐकू आलं होतं. पट्टी मोठी होत गेली. बाबांचा आवाज अगदी शांत होता, मी त्यांचा तो आवाज पूर्वी कधी ऐकला नव्हता. पन्नास. तीस. सरळ. वीस. धरा. धरा.

चाकं टेकली. एकदा हलकीशी उसळी, मग घट्ट. विमान पट्टीच्या मधोमध धावत गेलं, शेपूट खाली आलं, आणि ते थांबलं. टोकाला बरीच जागा शिल्लक ठेवून. इतके महिने मी ते विमान उतरवायचा प्रयत्न करत होते आणि निम्म्या वेळा झाडांत नेत होते.

नवऱ्यानं टाळी वाजवली आणि मग एकटाच वाजवतोय म्हणून थांबला. स्किपर खुर्चीत मागे रेलले. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता आणि चेहरा एखाद्या कॉलेजातल्या मुलासारखा झाला होता. बाबांचा हात त्यांच्या खांद्यावर होता. तो कधी ठेवला ते दोघांनाही कळलं नसावं. स्किपर म्हणाले की डोळे गेल्यावर डॉक्टरांनी त्यांना बरंच काही सोडायला सांगितलं होतं, पण हे कोणी सांगितलं नव्हतं, कारण हे परत मिळेल असं कोणाच्या डोक्यातच नव्हतं.

मग ते उठले, चाचपडत खुर्ची मागे सारली आणि बाबांना म्हणाले, "बस आता. तू माझ्या मागे फार उभा राहिलास."

बाबा म्हणाले की आपण कधी बसलोच नाही त्या जागेवर. स्किपर म्हणाले, तुला सगळं येतं, मी बघितलंय, ऐकत असायचास सगळं. उडव, मी आहे मागे. बाबा बसले. स्किपर त्यांच्या डाव्या खांद्यामागे उभे राहिले.

मी चहा टाकायला स्वयंपाकघरात गेले. मुद्दामच गेले, कोणी बघतंय म्हणून त्यांना अवघडायला नको. गॅस पेटवला, आलं किसायला घेतलं. हॉलमधून इंजिनांचा आवाज वाढत गेला आणि त्याच्याखाली चाकांची खडखड सुरू झाली. ती आम्ही सोसायटीच्या फरशीवर भाजीवाल्याची हातगाडी पळवून घेतली होती, आणि ती खडखड फक्त जमिनीवर असतानाच वाजते. मी किसणी हातात धरून थांबले. खडखड जलद झाली, आणखी जलद, आणि मग एकदम थांबली. उरली ती दोन इंजिनं आणि त्यांच्यामधली लाट. हॉलमध्ये दोघंही म्हातारे जोरजोरात हसत होते. मी भांड्यात आणखी एक कप पाणी वाढवलं, कारण एवढ्यात कोणी खाली उतरणार नव्हतं.